मुहूर्ताचा रोल

पिठलं मी खात नाही. लग्नकार्यात, शेतावर, कुणाच्या घरी, कितीही आग्रह झाला तरी वाटी बाजूला सरकवते. लोकांना वाटतं, हातात चार पैसे खेळायला लागल्यावर बाईला पिठलं नकोसं झालं. वाटू दे. पुंडलिकनगरला भानुदासमामाच्या दोन खोल्यांत मी दोन वर्षं काढली आहेत. तिथं सकाळी डोळ्यांच्या आधी नाक जागं व्हायचं. मागच्या पत्र्याच्या पडवीत स्टोव्हवर गुडघ्याएवढं पातेलं चढलेलं असायचं आणि त्यात खळ शिजत असायची. मक्याचं स्टार्च, पाणी, थोडा कॉस्टिक सोडा आणि किडे लागू नयेत म्हणून मोरचूद. खळ घट्ट व्हायला लागली की तिला पिठल्यासारखेच बुडबुडे यायचे आणि तसेच फट् फट् करत फुटायचे. फरक एवढाच की पिठल्याला लसणाचा वास आणि खळीला ओल्या कुत्र्याचा. कालची उरलेली खळ मामी फेकू द्यायची नाही. तिच्यावर आंबूस साय धरायची, ती उलथन्यानं बाजूला करून बाकीची आजच्या पातेल्यात ढकलायची. मोरचुदाची निळी बरणी आणि मिठाची बरणी एकाच फळीवर शेजारी शेजारी. आम्ही कुणी मेलो कसे नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

खळ घरी शिजवायचं कारण उंदीर. मामाचं वाळूजला भाड्याचं शेड होतं, तिथं स्टार्चची पोती ठेवली की रात्रीत फाटायची. म्हणून पोती आमच्या पलंगाखाली, आणि रोज सकाळी मामा स्कूटरच्या दोन्ही अंगांना खळीचे दोन डबे बांधून शेडवर जायचा. मी मागं बसायची, गुडघे डब्यांना घासत. गावाकडं, वैजापूरजवळ, आई-वडिलांनी मला मामाकडं शिकायला म्हणून धाडलं होतं. बारावीला मी नापास झाले आणि मामा म्हणाला, "शेडवर ये, तिथं चार बायका हायेत, पाचवी तू. घरी बसून मामीचं डोकं नको खाऊ." मामी त्यावर हसली होती. तिचं हसणं मला कधीच आवडलं नाही. ती हसताना तिचे डोळे तुमच्या कपड्यांवरून फिरत असायचे.

शेडमध्ये आम्ही नालीचा कागद काढायचो. काचेची, पत्र्याची, रंग दिलेली वस्तू खोक्यात घालायच्या आधी जो लाटालाटांचा तपकिरी कागद गुंडाळतात, तो. मशीन एकच होतं. त्यात दोन दातेरी रोलर एकमेकांत दात घालून फिरायचे, तापलेले. साधा कागद त्यांच्यामधून गेला की त्याच्या लाटा व्हायच्या. लाटांच्या टोकांना खळ लागायची, वरून दुसरा सपाट कागद यायचा आणि एक गुळगुळीत रोलर त्याला दाबून चिकटवायचा. पुढं गोल पाती कडा कापायची आणि शेवटी सगळ्याचा रोल गुंडाळला जायचा. बाकीच्या बायका रोल उचलायच्या, कात्रण भरायच्या. मला मात्र मशीन सोडवायचं नाही. कागद ओला असला की त्याचा आवाज जड यायचा, खळ कमी पडली की सुटलेल्या लाटा कुरकुरायच्या. मी पाठमोरी उभी राहूनसुद्धा सांगू शकायचे की डाव्या अंगाला ताण कमी झालाय. त्या किळसवाण्या दोन वर्षांत स्वच्छ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या मशीनमधून निघालेला कोरडा, कडक, सरळ कापलेला कागद. आज मी स्वतः अशी मशिनं बनवून विकते. नवीन मशीन कागदाला बारीक चिरा पाडतं, तो ओढला की जाळी होऊन फुगतो, आणि प्लास्टिकचे फुगे लागत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, मॅडम, हे शिकलात कुठं? मी सांगत नाही. सांगितलं तर मामाचं नाव घ्यावं लागेल.

त्या वर्षी श्रावणात मामाचा ऑपरेटर मोठ्या कंपनीत लागला. शिफ्टची बस दारात, कॅन्टीनला जेवण, तो कशाला राहतोय? मामानं दोन माणसं बघितली. एकानं पहिल्याच दिवशी कागद जाळला, दुसरा दुपारनंतर पिऊन आला. त्या दोघांच्या मधल्या दिवसांत मशीन मी चालवलं आणि एकही रोल परत आला नाही. त्याच सुमाराला वडिलांचा निरोप आला की कांद्याच्या आडतीवरचं एक स्थळ आहे, दिवाळीनंतर पोरीला पाठवून द्या. मी सरळ मामासमोर जाऊन उभी राहिले. आयुष्यातला पहिला सौदा तो.

"मामा, मशीन मला द्या. ऑपरेटरचा पगार नको, बाईचाच द्या. पण आईला सांगा, इथं हिच्याशिवाय चालत नाय म्हणून."

मामानं तंबाखू मळली, तोंडात टाकली. "दसऱ्याचा मुहूर्त तू कर. नीट झाला तर मशीन तुझ्या हातात. तुझ्या बापाला मी बघतो."

म्हणजे सगळं त्या एका मुहूर्तावर आलं. मशीन हातात आलं तर मी शहरात, नाहीतर दिवाळीनंतर बोहल्यावर.

आता मामीच्या घरातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महिन्याचे चार दिवस तिथं फार कडक होते. स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही, पाण्याच्या माठाला शिवायचं नाही, पडवीत वेगळ्या सतरंजीवर झोपायचं. पण त्याच पडवीत खळीचं पातेलं होतं, आणि खळ ढवळायला मात्र मी चालायची. उलट त्या चार दिवसांत ते काम माझ्यावरच यायचं, कारण एरवी ते करून मामीचे हात भरून यायचे. देवाला विटाळ होतो, माठाला होतो, धंद्याला होत नाही. हा हिशोब मला तेव्हाही कळत होता, फक्त बोलायची सोय नव्हती.

खंडेनवमीला मी नेमकी बाहेरची होते. मामा-मामी शेडवर पूजेला आले. मशीन धुतलेलं, झेंडूच्या माळा घातलेल्या. मी दारात उभी. मामीनं तेलात कुंकू कालवलं आणि मामानं त्यात बोट बुडवून गुळगुळीत रोलरवर चांगला वितभर स्वस्तिक काढला, चार घरांत चार ठिपके. नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दसरा. मशीन तापवायच्या आधी मी फडकं घेऊन त्या रोलरकडं गेले तर मामा ओरडला, "ए, पूजेचं पुसायचं नसतं!"

"कागदाला लागंल ना मामा."

"लागू दे दोन हात. देवाचंच हाय."

"आणि मी मशीनला शिवू का? माझा तिसरा दिवस हाय." हे मी मुद्दाम विचारलं. नंतर कुणी बोलायला नको.

मामानं इकडंतिकडं बघितलं. "मशीनला शिवाशिव नसते. चालव तू."

रोजच्या कामात मशीन चालू झाल्यावर निघणारा पहिला पाच-सहा हात कागद आम्ही फाडून कात्रणात टाकायचो, कारण तो कधी सैल, कधी जळका निघतो. त्या दिवशी मामानं तोही फाडू दिला नाही. मुहूर्ताचा कागद फाडायचा नाही म्हणे. तो तसाच पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळला आणि त्याच्यावर बाकीचा रोल चढत गेला. रोल देखणा झाला, कडा चाकूनं कापल्यासारख्या. मामानं सगळ्यांना पेढे वाटले, मला दोन दिले. मी खूश होते. फार खूश होते, हे लिहितानासुद्धा मला माझाच राग येतो.

दिवाळी झाली आणि चार दिवसांनी फ्रिजचे पांढरे दरवाजे बनवणाऱ्या कंपनीचे खरेदीवाले साहेब शेडवर आले. आमचा अर्ध्याच्या वर माल त्यांना जायचा. साहेबांनी पिशवीतून कागदाचा एक तुकडा काढला, दोन बोटांच्या चिमटीत, मेलेला उंदीर धरावा तसा. कागदावर पुसट तपकिरी-लाल डाग होता. म्हणाले, असे बरेच आहेत आणि आमच्या पांढऱ्या दारांना लागलेत. मग आवाज खाली आणून मामाला विचारलं, "भानुदासराव, तुमच्याकडं लेडीज किती आहेत?"

"पाच. का साहेब?"

"मग बघा जरा तुमच्या तुम्ही." आणि त्यांनी रुमालानं बोटं पुसली.

एवढंच बोलले. पण शेडमधल्या पाचही जणींना कळलं, आणि पाचही जणी जमिनीकडं बघायला लागल्या. आमच्याकडं बसायला खुर्च्या नव्हत्या. जेवायच्या सुट्टीत आम्ही रोलवरच बसायचो.

दुसऱ्या दिवशी मामा स्कूटरवर मामीला घेऊन आला आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला. मामीनं आम्हाला शेडच्या मागं नळापाशी उभं केलं. तिथं खळीचे डबे धुवायचे, त्यामुळं गटारावर कायम पांढरट बुळबुळीत थर असायचा आणि त्यात अळ्या वळवळायच्या. त्या घाणीत एका ओळीत पाच बायका उभ्या केल्या आणि मामी म्हणाली, "तारीख सांगा एकेकीनं. लाजायचं काम नाय. धंद्याचा प्रश्न हाय." तिनं एकीचं लुगडं मागून बघितलं. खरंच बघितलं, पदर बाजूला करून. आणि मी काय केलं? मला दसऱ्याचे दिवस आठवत होते, मामीलाही आठवत असणार हे मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी मी माझी सलवार तीनदा उलटीपालटी करून बघितली होती. म्हणून मामी माझ्यापर्यंत यायच्या आत मीच शेजारी उभ्या नसीमकडं वळले आणि म्हणाले, "नसीम, तू बसतेस ना गं सारखी रोलवर?"

नसीम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई, शेडमधली सगळ्यात चपळ. तिनं माझ्याकडं बघितलं. "क्या पूछरी तू मेरेकू?" मग मामीकडं वळून, "तुम बी सुनो. मैं रोल पे बैठती. ये बी बैठती. तुम्हारे मरदां नहाने के बाद बैठते क्या?" आणि ओळीतून निघून ती सरळ शेडमध्ये गेली. मामीच्या नजरेतून मी सुटले नाहीच. "तुझा तर दसऱ्याला तिसरा दिवस होता, विमल," ती हळू म्हणाली, आणि हसली.

कंपनीकडून परत आलेले अर्धेमुर्धे रोल कोपऱ्यात पडले होते. मी आत गेले तेव्हा नसीमनं त्यातला एक जमिनीवर लोटून दिला होता आणि कागद दारापर्यंत उलगडला होता. ती गुडघ्यांवर बसून हातानं माप घेत होती. मला वाटलं, ही माझ्याशी बोलणार नाही. पण तिनं मान वर न करता बोट दाखवलं.

"देख. ये एक. ये दूसरा. ये तीसरा. बराबर एकी दूरी पे. औरत का दाग नाप के गिरता क्या?"

मी सुतळी आणली. एका डागापासून दुसऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. दोन हातांना चार बोटं कमी. तिसऱ्यापर्यंत तेवढीच. चौथ्यापर्यंत तेवढीच. मग ती सुतळी घेऊन मशीनपाशी गेले आणि गुळगुळीत रोलरभोवती गुंडाळली. गाठ सुतळीच्या टोकाला येऊन टेकली. बोटाचाही फरक नाही. म्हणजे रोलरच्या एका जागेवर काहीतरी होतं आणि रोलर एक फेरा फिरला की ते एकदा कागदाला लागत होतं. आम्ही दोघी उरलेला कागद उलगडत गेलो. नळीच्या जवळ, आत जावं तसे डाग गडद होत गेले, आणि अगदी शेवटी, नळीला चिकटलेल्या मुहूर्ताच्या पहिल्या हातावर, फराटा नव्हता. पूर्ण स्वस्तिक होता, चार ठिपक्यांसकट. तापलेल्या रोलरवर कुंकू भाजून तपकिरी झालं होतं आणि छापा पडल्यामुळं स्वस्तिक उलटा उमटला होता.

नसीम पोट धरून हसली. मीही हसले. त्या शेडमध्ये मी तेवढ्या मोठ्यानं पुन्हा कधी हसले नाही.

मामा आला. मी त्याला सुतळी रोलरला लावून दाखवली आणि मग तो शेवटचा हातभर कागद. मामाचा चेहरा पडला, पण आमच्याकडं बघून नाही. उलटा स्वस्तिक बघून. त्यानं दोन्ही कानांना हात लावला, चपला काढल्या, तो तुकडा कातरीनं कापला आणि घडी करून खिशात ठेवला.

"कुणाला बोलायचं नाय," तो म्हणाला.

"बोलायचं नाय काय? साहेबाला दाखवा ना मामा. आत्ता जा."

"काय दाखवू? मशीनला कुंकू लावून माल काढला म्हणू? गावंढळ म्हणून ऑर्डर काढून घेतील. बायकांचं म्हणलं तर बायका काढता येत्यात. माझ्या अकलेचं काय काढायचं?"

हे त्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मी पुढं व्यापारात पुष्कळ नीच माणसं बघितली, त्यांच्याशी भाव केला, त्यांच्याबरोबर जेवले. पण इतक्या शांतपणे, इतकं सरळ कुणी बोललेलं मला आठवत नाही. मी शेडमध्ये आरडाओरडा केला, खळीचा डबा लाथाडला. खळ माझ्याच पायांवर सांडली. मामानं त्याच दुपारी साहेबांना जाऊन सांगितलं की सगळ्या लेडीज काढल्या, आता फक्त गडी आहेत. ऑर्डर राहिली, वाढली. नसीमला आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं. माझ्या आईला मामीनं निरोप धाडला की पोरीला सोवळंओवळं कळत नाही, धंदा बुडायची वेळ आली होती, घेऊन जा. त्या हातभर कागदाला मामानं स्वतः पैठणला नेऊन गोदावरीत सोडलं, हळद-फुलं वाहून. कागदाला नदी, आणि मला वैजापूरची बस.

गावात ही गोष्ट माझ्या आधी पोचली होती. कांद्याच्या आडतीवाल्यांनी त्यावरूनच नकार दिला, ही एकच चांगली गोष्ट झाली म्हणायची. आईनं मात्र वर्षभर मला देवघराशी उभं केलं नाही. मी सुतळीचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, उलट्या स्वस्तिकाचं सांगितलं. ती म्हणायची, "मामा खोटं कशाला बोलंल?" पुढं मी पुन्हा शहरात आले, लग्न केलं, जुन्या मशीनचे सुटे भाग विकले, मग जुनी मशिनं, मग नवी. माझी पहिली ऑपरेटर नसीम होती. तिला शोधायला मला तीन रविवार लागले. आल्यावर पहिल्या दिवशी तिनं एकच विचारलं, "इधर बैठने कू कुर्सी है क्या?"

मामाचं ते जुनं मशीन गेल्या वर्षी भंगारात गेलं, वजनावर. त्याआधी मला ते हवं होतं. माझ्या कारखान्याच्या दारात ठेवायचं होतं, म्हणून मी पुंडलिकनगरला गेले. आता तिथं दोन खोल्यांच्या जागी तीन मजले आहेत, फरशी चकचकीत. मामा थकलाय, पोरं पुण्याला, शेड बंद. मामी सोफ्यावर बसली होती. मामानं भाव सांगितला, भलताच, कारण मी तो निम्म्यावर आणणार हे त्याला ठाऊक होतं. मी म्हणाले, "दिला."

मामा चपापला. "दिला म्हणजे?"

"तुम्ही म्हणताय तो भाव दिला. वर एक वाक्य पाहिजे. मामीसमोर सांगा, डाग कशाचा होता."

त्यानं उठून पंख्याचं बटण फिरवलं. मग म्हणाला, "भाव कर की गं, विमल. निम्म्यात दे म्हण. देतो मी निम्म्यात." हा माणूस माझ्याकडं भाव पाडायची भीक मागत होता, आणि मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. शिळ्या खळीची साय ओठाला लागावी तसं वाटलं.

तेवढ्यात मामीच बोलली. मटार सोलत होती, मान वर केली नाही. "कशाला त्यांचा जीव खाती? कुंकू मीच कालवलं होतं तेलात. साहेबानं तुकडा आणला तवाच मला कळलं होतं. पण धंदा हाय, कुणावर तरी घालावं लागतंय."

म्हणजे नळापाशी, त्या अळ्यांत आम्हाला उभं करताना, पदर बाजूला करताना, तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी मामावरच डूख धरून होते. मी उठले, चपला घातल्या. मामा पुन्हा म्हणाला, "विमल, भाव..." मी दारापाशी पोचले तर मामी मागून लगबगीनं आली, हातात करंडा. "थांब गं, सवाष्ण बाई अशी जाऊ नये," म्हणाली, आणि बोट कुंकवात बुडवून माझ्या कपाळाकडं आणलं. मी तिचं मनगट हवेतच धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं, आणि सोडलं.

ती तशीच उभी राहिली, लाल बोट वर करून. ते पदराला पुसावं, सोफ्याला पुसावं की भिंतीला, हे तिला कळेना. मी जिना उतरायला लागेपर्यंत तिनं ते पुसलं नव्हतं.